जवाईभाऊ कोरे नव्हते

जवाईभाऊ शाळेसमोरून कधी जात नसत. आमच्या गावात तलावाकडे जायची सरळ वाट एकच, आणि ती शाळेच्या ओट्याला घासून जायची. म्हशी तिथूनच जात, बायका घागरी घेऊन तिथूनच जात. जवाईभाऊ मात्र खांद्यावर जाळं टाकून मारुतीच्या देवळामागून, बाभळीचे काटे चुकवत, अर्ध्या गावाला वळसा घालून तलावावर पोचत. कुणी टोकलंच, "काऊन गा जवाई, वाट भुलले का?" तर हसून म्हणत, "घरजवायानं मागच्याच वाटेनं जावं. समोरून गेलं का लोक कामं सांगतेत." सगळे हसत. मीही हसायची. वळसा घालायचं खरं कारण ठाऊक झालं त्यानंतर मात्र मला त्यावर कधी हसू आलं नाही.

ते आमच्या शेजारच्या गिरजाआजीचे जवाई. गिरजाआजी विधवा, पोटी एकच मुलगी पार्बती. घरात जाळं उचलायला पुरुष नाही म्हणून आजीनं वैनगंगेच्या पल्याडून घरजावई आणला. तो आजीचा जवाई हळूहळू अख्ख्या ढिवरपुऱ्याचा, आमच्या मासेमारांच्या वस्तीचा, झाला आणि पुढं गावाचाही. लहानथोर सगळे त्यांना जवाईभाऊच म्हणत. आमची आणि त्यांची भिंत एक होती. एकाच जाळ्याचं एक टोक माझ्या बाबांच्या हातात आणि दुसरं जवाईभाऊंच्या. मासे, शिंगाडे आणि शेताच्या दोन बांध्यांतलं धान, यावर दोन्ही घरं चालत. त्या पुऱ्यातली मी पहिली मॅट्रिक आणि पहिली बी. ए. हे मी ताठ मानेनं सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवण्यासारखं दुसरंच आहे, आणि त्यासाठीच जवाईभाऊंबद्दल लिहायला बसले आहे.

बोलावं तर जवाईभाऊंनीच. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ते बसले की त्यांच्याभोवती घोळका जमे. एकदा ऐकलेलं भजन ते विसरत नसत. कुणाची मुलगी कुठल्या गावी दिली, कुणाच्या आज्यानं कुणाचा बैल चोरला होता, सगळं त्यांच्या तोंडावर. सोयरीक ठरवायला जायचं असलं की लोक त्यांना पुढं घालत, कारण समोरची मंडळी चिडली तरी हे दोन वाक्यांत हसवत. आणि इतकं सगळं बोलून झालं की त्यांचं शेवटचं ठरलेलं, "आपल्याले का समजते बापा. आपून तं कोरा मानूस. शाळेची पायरी बी पाह्यली नाई." कुठं अंगठा लावायची वेळ आली तर मोठ्या थाटानं बाही सरकवून म्हणत, "लावा शाई. माहा अंगठा म्हणजे कलेक्टरची सही."

आमच्या गावात त्या काळी अंगठा लावण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. सही करणारे दोन-तीन जण, बाकी सगळे अंगठेवाले. ज्याच्या वाट्याला शाळा आलीच नाही त्यानं लाजायचं कशाला?

मी तिसरीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर गावात प्रौढांचा वर्ग निघाला. समाजशिक्षणाचा वर्ग म्हणत त्याला. दिवसा आम्हाला शिकवणारे गुरुजीच दिवेलागणीनंतर शाळेच्या पडवीत कंदील टांगून बाप्यांना अक्षरं शिकवायचे. जिल्ह्याचे साहेब येऊन सांगून गेले होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी ते पुन्हा येतील, आणि गावातला एकूणएक धडधाकट बाप्या फळ्यावरचं वाचू लागला असेल तर वेशीवर 'साक्षर गाव' अशी पाटी लागेल आणि गावाला एक गॅसबत्ती बक्षीस मिळेल. पाटीचं कुणाला फारसं पडलं नव्हतं. पण गॅसबत्ती! लग्न असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, आम्ही बत्ती नागभीडहून भाड्यानं आणायचो आणि ती भर रंगात आली की फुसफुस करून विझायची. स्वतःच्या बत्तीसाठी गाव नुसतं पेटून उठलं.

पहिल्या दिवशी जवाईभाऊंना ताप आला. दुसऱ्या दिवशी पोट दुखलं. तिसऱ्या दिवशी पंच घरी आले. "जवाई, तुमच्या एकट्यापायी बत्ती जाईन. मंग पार्बतीच्या पोराचं लगीन काय अंधारात लावता?" पार्बतीला तेव्हा पोरही झालं नव्हतं. सगळे हसले, जवाईभाऊही हसले आणि उठले. त्या संध्याकाळी ते शाळेची पायरी चढले. बाबांच्या मागोमाग मीही जाऊन बसले होते, मला नीट आठवतं. पायरीशी येऊन ते थांबले, खाली पाहिलं, आणि थंड पाण्यात उतरावं तसा एकेक पाय वर टाकला.

दोन महिन्यांत गाव बदललं. गुराखी सदूबुढा, ज्याचा हात काठी धरतानाही कापायचा, तो स्वतःचं नाव लिहायला शिकला आणि त्यानं हाती कोळसा घेऊन गावातली एक भिंत 'सदू' लिहिल्याशिवाय सोडली नाही. माझ्या बाबांनी तर मोटारीच्या अंगावरची अक्षरं वाचली आणि ड्रायव्हरला उगाच सांगितलं, "तुमच्या गाडीवर चांदा लिवलं हाये." ड्रायव्हर म्हणाला, "मले मालूम हाये ना." तरी बाबांचा आनंद काही कमी झाला नाही.

एकटे जवाईभाऊ अडकले. सुरुवातीला लोकांना वाटलं, गडी मस्करी करतो. ते मस्करीच करत होते. "गुरुजी, हा 'भ' मोठा नखरेवाला हाये. काल वेगळा होता, आज वेगळा दिसून राह्यला." पडवी हसून लोटपोट. गुरुजीही हसत. मी मात्र हसले नाही, कारण माझाही 'भ' काल वेगळा होता.

हे कसं सांगावं मला आजही नीट कळत नाही. डोळे माझे चांगले होते. तलावाच्या पल्याडचा बगळा मला सगळ्यांच्या आधी दिसे. पण पुस्तक उघडलं की उथळ पाण्यात आपली सावली पडल्यावर बारीक मासोळ्या पळाव्यात तशी अक्षरं पळत. 'घ' आणि 'ध' एकमेकांच्या जागी जाऊन बसत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी की नंतर, हे माझ्या हाताला रोज नव्यानं ठरवावं लागे. इतर पोरी 'कमळ' हे एका दमात वाचत. मी क, म, ळ वाचेपर्यंत 'क' निसटलेला असे. म्हणून मी चोरी शिकले. माझ्या आधीची मुलगी धडा वाचायची तो कान देऊन ऐकायचा आणि माझी पाळी आली की पुस्तकावर बोट फिरवत तसाच म्हणायचा. गुरुजींना ते कळलं. त्यांनी मधल्याच ओळीवर बोट ठेवलं, "इथून वाच." मी पहिल्यापासून सुरू केलं. मग छडी. मग 'दगड'. मग बाकीच्यांनी वाचावं आणि मी अंगठे धरून उभं राहावं. मला वाटे, माझ्या डोक्यात काहीतरी घाण आहे, आणि ती कुणाला दिसू नये.

एका संध्याकाळी गुरुजींनी जवाईभाऊंना पाटीवर लिहायला सांगितलं. मी बाबांच्या पाठीआडून पाहत होते. माझ्या बाबांनी पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली तेव्हा विळा धरावा तशी मुठीत धरली होती. सदूबुढ्यानंही तशीच. जवाईभाऊंनी ती तीन बोटांत धरली, नेमकी. आणि गुरुजी मागून जवळ आले तशी त्यांनी डाव्या हाताची बोटं हळूच मुठीत ओढून घेतली. पेरांवर पट्टी खाल्लेलं पोरच अशी बोटं ओढून घेतं. मी ती रोज ओढून घेत होते.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेन्सिल खाली ठेवून त्यांनी हात धोतराला पुसला, जसा काही मासा साफ करून झाला.

दुसऱ्या दिवशी ओसरीत जाळं सांधताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "काल काय पाहून राह्यली होती वं, कौसू?"

"काई नाई."

"पाह्यलं तं पाह्यलं. सांगू नोको कोनाले."

मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या दोघांत तेव्हापासून एक गोष्ट होती, पण ती नेमकी काय होती हे आम्ही एकमेकांनाही बोललो नव्हतो.

मोहाची फुलं पडायला लागली आणि साहेब यायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी गुरुजी आमच्या घरी आले. ते वाईट माणूस नव्हते. विशी-बाविशीचे असतील, नोकरी नवी, घर दूर. ओसरीत टेकून ते बाबांना म्हणाले, "उद्या कौसल्येला पाठवू नका. साहेब शाळाही तपासतील. आणि एक सांगू का, पुढंही तिला घालण्यात अर्थ नाही. ह्या वर्षीही ती नापासच होणार. मी तिचं नाव काढून टाकतो, तुम्ही घरकामाला लावा."

माय चुलीपासून म्हणाली, "बरंच झालं. लहान्याले धराले कोनी तं पाह्यजे."

 बाबा नुकतेच वाचायला शिकले होते. मला वाटलं होतं निदान ते काही बोलतील.

त्याच संध्याकाळी पंच शेजारी गेले होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "जवाई, उद्या तुमी जंगलात निंघून जा. साहेबाले सांगू, बाहेरगावी गेले. तुमी नसले का सगळे वाचनारेच उरतेत."

"जातो ना," जवाईभाऊ म्हणाले. "मोहा बी वेचनं होईन."

मग बाबांनी भिंतीवरून आवाज दिला, "जवाईभाऊ, माह्या पोट्टीले बी घेऊन जा."

असे आम्ही दोघं, गावाची लाज, टोपल्या घेऊन पहाटेच मोहाखाली गेलो. ऊन वर आलं तशी गावाकडून डफ ऐकू यायला लागला. साहेब आले असावेत. मोह वेचता वेचता जवाईभाऊ म्हणाले, "पोरी, तुहे अक्षरं हालतेत का?"

माझा हात टोपलीतच राहिला. असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटत होतं, जगात ती फक्त माझीच हलतात.

"तुमाले कसं माहीत?"

"माहे बी हालतेत ना."

मग ते बोलले. नेहमीसारखे रंगवून नाही, तुटक तुटक. त्यांचा बाप वैनगंगेवरचा नावाडी. पोरगा मुनीम व्हावा म्हणून त्यानं शाळेत घातलं. पाच वर्षं ते शाळेत गेले. मार खाल्ला, उपाशी कोंडले गेले, एकानं सांगितलं म्हणून जिभेला कसलीशी मुळी घासून झाली. अक्षर आज यायचं, उद्या जायचं. धाकटा भाऊ मागून येऊन त्याच वर्गात बसला, पुढं गेला, आणि एक दिवस मास्तरांनी त्या धाकट्यालाच सांगितलं, ह्याला तू शिकव. धाकट्यानं सगळ्या वर्गादेखत मोठ्या भावाचा कान धरला.

"त्याच्यानंतर मी शाळेत नाई गेलो. गावात बी मन लागे ना. कोनी पन बलवाचं तं 'पाच सालाचा दगड्या' म्हनून. मंग इथची सोयरीक आली. म्हन्लं, नदी ओलांडली का कोनाले माहीत? इथी येऊन सांगतलं, मी शाळा पाह्यलीच नाई. कोऱ्या मानसाले कोनी हासत नाई, पोरी. जाऊन बी जो कोरा राह्यला, त्याले हासतेत."

मी विचार केला आणि मला एकदम मोकळं वाटलं. मी आनंदानं म्हटलं, "मंग माहं बी बरंच झालं. गुरुजी नाव काटून राह्यले. आता मी बी सांगन, मी शाळेत गेलीच नाई. मी बी कोरी."

जवाईभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावरचं तसं काही मी आधी पाहिलं नव्हतं. बायकोला मूल होत नाही म्हणून लोक बोलत, तेव्हाही ते असे दिसत नसत.

"कितवं लागलं तुले?"

"नववं."

"नवव्या वर्साची पोरगी, आन आत्ताच लपाले शिकून राह्यली." ते उठले. "चाल."

"कुठी?"

"शाळेत."

मी नको नको म्हणत होते. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. देवळामागून नाही, सरळ वाटेनं, तलावाच्या पाळीवरून ते मला ओढत घेऊन आले.

शाळेपुढं मांडव होता. साहेब खुर्चीवर, शेजारच्या टेबलावर ती बत्ती, नवी कोरी, चकाकणारी. सदूबुढा फळ्यापाशी उभा राहून 'आपला गाव' असं वाचत होता. जवाईभाऊंना पाहून पंचांचा चेहरा पडला. एकानं हातानं 'मागं व्हा, मागं व्हा' अशी खूण केली. जवाईभाऊ मांडवात शिरले. हाताला मोहाचा चिकट वास, धोतराला कुसळं.

"साहेब, गावातल्या मानसायत माहं नाव सांगतलं नसन ह्यायनं. मी बी इथचाच हावो. मले वाचता नाई येत."

गुरुजी घाईनं म्हणाले, "साहेब, हे निरक्षरच होते, अजून शिकताहेत..."

"नाई गुरुजी. मी शाळेत गेलो हावो. पाच वर्स. सगळ्यायले खोटं सांगतलं मी."

 साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाच वर्षं शाळेत, आणि एक अक्षर येत नाही?"

"येते साहेब. राहत नाई."

मागून कुणीतरी फुसकन हसलं. मग दुसरा. मग सगळा मांडव. पार्बती बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडावर घेतला, पण हसायला नाही. जवाईभाऊ हसू ओसरेपर्यंत थांबले. हसवणं आणि हसू ओसरायची वाट पाहणं हे त्यांना चांगलं जमत होतं, फक्त आज ते हसू त्यांनी मागितलेलं नव्हतं.

"हासा," ते म्हणाले. "पन ह्या पोट्टीले बी तसंच हाये. ते आळशी नाई. ऐकलेलं सगळं ध्यानात ठेवते. तुमी विचारून पाहा. तिले मारू नोका आन तिचं नाव काटू नोका. माहं झालं ते झालं. हे पोट्टी जन्मभर मागच्या वाटेनं जाईन."

माझ्याकडे सगळं गाव पाहत होतं. मला त्यांचा राग आला. हात सोडवून पळावं असं वाटलं. ज्यांनी माझ्यासाठी आपलं सगळं उघडं केलं त्यांच्याबद्दल त्या क्षणी माझ्या मनात राग होता, दुसरं काहीही नव्हतं.

साहेबांनी मला एक गोष्ट सांगायला लावली. मी पुस्तकातला एक धडा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हटला. ते म्हणाले, "वाचता येत नाही?" मी मान हलवली. त्यांनाही ते कोडं उलगडलं नाही, हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण ते सरकारी माणूस होते. गुरुजींना म्हणाले, "हजर असलेल्या मुलीचं नाव काढू नका. उगीच उत्तरं द्यावी लागतात."

माझं नाव राहिलं ते असं. बत्ती मात्र दुसऱ्या गावाला गेली.

बत्ती गेल्याचं गावानं जवाईभाऊंना विसरू दिलं नाही. भाड्याची बत्ती लग्नात विझली की कुणीतरी ओरडे, "बलवा त्या पाच सालाच्याले!" नदीपल्याड सोडून आलेलं नाव इथंही येऊन पोचलं. गिरजाआजीनं कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. बायकांजवळ म्हणायची, "अडाणी म्हनून घेतला होता वो बाई, नापास निंघाला!" सोयरिकीला त्यांना नेणं बंद झालं. ते गोष्ट सांगायला लागले की लोक नको तिथं हसत. मग हळूहळू ते चारचौघांत बोलेनासे झाले. पाळीवर आता ते एकटे बसत. मी जवळून जायची तेव्हा मान वर होत नसे. त्यांची लाज पाहताना मला वाटे की ही माझी आहे, आणि ते ती माझ्या वतीनं घेऊन बसले आहेत.

'कोरा मानूस' हे शब्द मात्र त्यांनी त्यानंतर कधी उच्चारले नाहीत.

गुरुजींनी मला मागं बसवलं आणि पुन्हा कधी वाच म्हटलं नाही. ती दया होती, आणि दयेतही लाजच वाटते. घरी वेगळं घडलं. बाबा त्या दिवशी मांडवातून आले ते थेट माझं पुस्तक घेऊन दिव्याशी बसले आणि बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं माझा धडा मला वाचून दाखवू लागले. रोज. दिवसभर पाण्यात राहिलेला माणूस, डोळे मिटत असत, तरी धडा पुरा करत. भिंतीआड, जिथं कुणी पाहत नसे, तिथून मात्र जवाईभाऊ ऐकत आणि ओरडून विचारत, "त्या राजानं मंग काय केलं, कौसू? पुन्हा सांग." मी सांगायची. वाचायचंच झालं तर सागाच्या पानाला चीर पाडून ते ओळीवर ठेवायची, एका वेळी दोनच अक्षरं दिसतील अशी. ते त्यांनीच सुचवलं होतं. "गर्दी झाली का पयतेत. एकेकाले बलाव." त्यानं अक्षरं थांबली असं नाही. थोडी हळू पळू लागली, एवढंच.

पुढं मी नोकरीला लागले, त्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका शिबिरात एक डॉक्टरबाई बोलल्या तेव्हा मला याचं नाव कळलं. डिस्लेक्सिया. बाई म्हणाल्या, बुद्धीचा यात दोष नसतो, डोळ्यांचाही नसतो. मेंदूची अक्षराशी आवाज जोडायची रीत वेगळी असते. आळस नाही, हट्ट नाही, मार देऊन जात नाही. शिकवायची पद्धत बदलली तर मूल शिकतं, पण ते वेगळेपण जन्मभर सोबत राहतं. हॉलमध्ये सगळे लिहून घेत होते. मी पेन हातात धरून बसले होते, तीन बोटांत. चहाच्या वेळी बाईंजवळ जावं असं फार वाटलं. गेले नाही.

त्याच्या कितीतरी आधी मी मॅट्रिक झाले ते एकदा नापास होऊन, तिसऱ्या श्रेणीत. तरी पुऱ्यात पेढे वाटले गेले. नागपूरच्या कॉलेजात नाव घातलं आणि जायचा दिवस आला. नागभीडच्या स्टेशनवर अरुंद रुळांची छोटी गाडी उभी होती. बाबांबरोबर जवाईभाऊ आले होते, माझी पेटी त्यांच्याच डोक्यावर होती. त्यांची माझी ती शेवटची भेट. मी दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले, आणि परीक्षा म्हणून घरच्यांनी मला कळवलं नाही.

बाबा तिकिटाच्या खिडकीकडे गेले. जवाईभाऊंनी पेटी डब्यात सरकवली, खाली उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. बरीच वर्षं आम्ही त्या गोष्टीवर बोललो नव्हतो.

"एक विचारू का, कौसू? खरं सांगजो."

"विचारा ना."

"आता थांबतेत का ते?"

मला कळलं, पण मी मुद्दाम विचारलं, "काय?"

"अक्षरं. इतले वर्स शिकली, मॅट्रिक झाली. थांबतेत ना आता?" ते माझ्याकडे न पाहता रुळांकडे पाहत होते. "मले नेहमी वाटते, मी सोडलं म्हनून राह्यलं. एक साल अजून काढाचं होतं. धाकट्यानं कान धरला तं धरला, बसून राहाचं होतं. मीच पळून आलो."

हो म्हणावं असं वाटलं. डब्यात बायका बसल्या होत्या, मी कॉलेजात चाललेली मुलगी होते, अंगावर नवं लुगडं होतं. हो म्हणणं सोपं होतं, आणि ऐकणाऱ्यालाही ते शोभलं असतं. पण हो म्हटलं असतं तर पळून आल्याचं ते ओझं त्यांच्यावर कायमचं राहिलं असतं.

मी आजूबाजूला पाहिलं आणि अगदी हळू म्हटलं, "नाई, जवाईभाऊ. अजून हालतेत."

"अजून?"

"तशेच. मी फकत त्यायच्या मागं पळाले शिकली."

त्यांनी रुळांवरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "मंजे मी सोडलं म्हनून नाई."

"नाई."

"आन मी कामचोर होतो म्हनून बी नाई."

"नाई ना."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं, आणि हसले. कितीतरी वर्षांनी ते तसे हसले, पाळीवर घोळका जमायचा तेव्हासारखे. तेवढ्यात बाबा तिकीट घेऊन येताना दिसले आणि जवाईभाऊ लांबूनच मोठ्यानं ओरडले, "ऐकलं का गा! ह्या पोट्टीचे अक्षरं बी अजून..."

मी त्यांचा हात धरला. "हळू. डब्यात लोक हायेत."

 त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डब्यातल्या बायकांकडे पाहिलं, माझ्या नव्या लुगड्याकडे पाहिलं. मान हलवली.

बाबा जवळ आले. "काय म्हन्ता गा?"

"काई नाई," जवाईभाऊ म्हणाले. "पोरीले म्हन्लं, खिडकीपाशी बस."